साथीत आपला तालुका कुठे उघडा पडेल, हे कसं मोजायचं

महामारीच्या दृष्टीने तालुक्याची मोजणी करायला निघालेली पथकं बहुधा जनगणनेचे तक्ते उघडून बसतात आणि पहिल्याच दिवशी चुकतात. पूर्ण झालेली शेवटची जनगणना २०११ची. तेव्हापासून बाजाराच्या गावांभोवती नव्या वस्त्या उठल्या, शेतात राहायला गेलेली घरं वाढली, एमआयडीसीच्या कडेला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा झाल्या. शिवाय जनगणना मोजते ते महसुली गाव. तीन वाड्या आणि एक तांडा मिळून एक गाव असेल, तर तक्त्यात दिसते ती चौघांची सरासरी, आणि साथीत नेमका तांडाच आधी कोलमडतो.

म्हणून तुलना आरोग्य उपकेंद्रवार करा आणि नोंद वस्तीवार ठेवा. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असं सरकारी प्रमाण आहे. दोन लाख वस्तीच्या तालुक्यात या हिशेबाने ४० उपकेंद्रं येतात. एवढ्यांची तुलना वहीत हाताने करता येते, त्यासाठी संगणकतज्ज्ञ लागत नाही.

खालची पद्धत श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी आहे, म्हणजे कोरोना किंवा फ्लूच्या जातीच्या. पटकीसारखा रोग असेल तर गर्दीच्या जागी विहिरी, टाक्या, गटारं मोजावी लागतील. उदाहरणं बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या तालुक्यांची घेतली आहेत. तुमचा तालुका कोकणात असेल तर ऊसतोडीच्या जागी गणपती-शिमग्याला येणारे चाकरमानी धरा, पालघरकडे असेल तर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं.

आधी वस्त्यांची यादी

प्राथमिक आरोग्य केंद्रात आशा सेविकांची मासिक बैठक असते, त्या दिवशी दोन तास मागून घ्या. प्रत्येक आशाकडून तिच्या हद्दीतल्या वस्त्यांची नावं, घरं आणि माणसं तिच्या नोंदवहीतून उतरवून घ्या. मग हीच यादी ग्रामपंचायतीकडच्या नमुना ८शी (घरपट्टीच्या नोंदवहीशी) आणि अंगणवाडीच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहा. तिन्हींपैकी एकाच यादीत जे घर सापडतं, तिथे जाऊनच खात्री करावी लागते. गायरानावरची घरं नमुना ८मध्ये अनेकदा नसतात, आणि ज्या घरात लहान मूल किंवा गरोदर बाई नाही, ते अंगणवाडीच्या नजरेतून सुटू शकतं.

साठीच्या वरची माणसं मोजायला मतदार यादी उत्तम. तीत वय छापलेलं असतं, यादी भागवार असते, एका संध्याकाळी गावाची मोजणी होते. फक्त मयत आणि गाव सोडून गेलेली नावं यादीत बरीच राहिलेली असतात. आशाला शेजारी बसवून ती नावं खोडल्याशिवाय आकडा वापरू नका.

तीन प्रश्न, तीन वेगळे आकडे

प्रत्येक उपकेंद्राबद्दल तीन गोष्टी विचारायच्या. रोग इथे किती लवकर शिरेल? शिरला तर झळ किती बसेल? आणि ती झळ पेलायला हाताशी काय आहे? या तिन्हींची बेरीज करून एकच गुण काढायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. तालुक्याच्या गावात रोग पहिल्या आठवड्यात येईल, पण दवाखाना चार पावलांवर आहे. डोंगराच्या कुशीतल्या तांड्यावर रोग दोन महिन्यांनी येईल, पण आला की माणूस खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणावा लागेल. बेरीज केली की दोघांना सारखेच गुण पडतात, आणि दोघांची गरज तर अगदी वेगळी आहे. पहिल्याला लवकर तपासणी हवी, दुसऱ्याला आधीच नेऊन ठेवलेला ऑक्सिजन आणि रस्त्याला लागलेली गाडी.

शिरकाव: माणसं कुठून, कधी, किती येतात

१९१८चा फ्लू जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेने देशभर गेला. आज रस्ते कितीतरी वाढले तरी प्रश्न तोच आहे: आपल्याकडे येणारी वाट कोणती?

एक बारा रकान्यांचा तक्ता करा, महिन्याला एक रकाना. त्यात आठवडी बाजार, जत्रा-उरूस, लग्नसराई, वारीची वाट, आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या सुट्ट्या, आणि हंगामी मजुरांचं जाणं-येणं भरा. एसटी आगारातून कोणत्या शहराला रोज किती फेऱ्या जातात ते लिहून घ्या. पुण्या-मुंबईला रात्री सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या विसरू नका, आगाराच्या कागदावर त्या नसतात. बाजाराच्या दिवशी सकाळी १० वाजता पालं मोजा आणि दर पाचव्या विक्रेत्याला विचारा, कालचा बाजार कुठे केला आणि उद्याचा कुठे. तीन-चार तालुके फिरणारा एक भांडीवाला किंवा कापडवाला रोगाच्या वाटेबद्दल जे सांगून जातो, ते कुठल्याही नकाशात मिळत नाही.

ऊसतोडीच्या तालुक्यात सगळ्यात मोलाची यादी मुकादमांची, म्हणजे मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदारांची. कोणता मुकादम, किती कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), कोणत्या कारखान्यावर. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला (हंगाम संपला) की मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्या गावातून १५० कोयते बाहेर गेले, तिथे परतीच्या दोन आठवड्यांत किमान ३०० माणसं एकदम परत येतात, लेकरं वेगळीच. एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत कारखान्यांच्या आवारात अडकलेल्या टोळ्या गावी आणायची वेळ आली, तेव्हा कोण कुठे आहे याची यादी मुकादमाच्या वहीतच होती. ती वही आधी उतरवून ठेवायची आहे. मुकादम सुरुवातीला वही दाखवायला का-कू करतात, कारण तीत उचलीचे (मजुरांना आगाऊ दिलेल्या पैशांचे) आकडे असतात. तुम्हाला फक्त नाव, गाव आणि कारखाना हवा आहे, हे सरपंचांसमोर स्पष्ट सांगा. पैशांचा रकाना झाकून उतरवू द्या.

झळ: घराच्या आतलं मोजणं

इथे वेळ घाला. गर्दी म्हणजे दर चौरस किलोमीटरला माणसं, हा आकडा खेड्यात काहीच सांगत नाही. शिवार मोठं असतं, पण माणसं झोपतात एका खोलीत. मुंबईत जुलै २०२०मध्ये तीन विभागांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली, तेव्हा झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि बाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली. शहर एक, महिने तेच. फरक पडला तो बहुधा राहण्याच्या दाटीने आणि सामाईक संडासांसारख्या गोष्टींनी.

ऊसतोड मजुराची कोपी डोळ्यांपुढे आणा. बांबूच्या कांबी, वर पाचट, त्यावर ताडपत्री. आत वाकून जावं लागतं. एका बाजूला धान्याची पोती आणि पेटी, दुसऱ्या बाजूला चूल, मधल्या जागेत नवरा-बायको, दोन लेकरं आणि सांभाळायला आणलेली म्हातारी. बाजूची कोपी हाताच्या अंतरावर. या घराला 'गृहविलगीकरण करा' असं सांगण्यात काहीही अर्थ नाही, आणि तुमच्या मोजणीतून हे दिसलंच पाहिजे.

प्रत्येक घराची मोजणी करायची गरज नाही. उपकेंद्राच्या साधारण १,००० घरांतून दर विसावं घर घ्या, म्हणजे ५० घरं होतात. पाच आशांना प्रत्येकी दहा घरं येतात, दोन दिवसांचं काम. मात्र कोणत्याही वस्तीतून दहापेक्षा कमी घरं घेऊ नका, नाहीतर लहान तांडा नमुन्यात येतच नाही. या जादा घरांसाठी लागणाऱ्या आशा आणि दिवस आधीच धरून ठेवा. विचारायचं एवढंच:

- घरात किती माणसं झोपतात, आणि किती खोल्यांत? (एका खोलीत तीनपेक्षा जास्त म्हणजे दाटी.)
- आजाऱ्याला वेगळी खोली देता येईल का? वेगळा संडास?
- मजुरी बंद झाली तर किती दिवस चूल पेटेल?
- साठीच्या वरचं कोणी? मधुमेह, रक्तदाब, क्षय, डायलिसिस, गरोदरपण?
- रात्री फोन लागतो का, आणि घरापर्यंत चारचाकी येते का?

दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे आशा ओढ्याच्या अलीकडचीच घरं घेते. पावसाळ्यात पलीकडे जाणं खरोखर अवघड असतं, तिला दोष देऊ नका. गटप्रवर्तकाने (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्याने) सुरुवातीचं घर चिठ्ठी टाकून ठरवून द्यावं. दुसरी चूक जास्त महागात पडते: कुलूपबंद घर सोडून शेजारचं घर घेणं. कुलूप लागलेलं घर म्हणजेच स्थलांतर केलेलं कुटुंब. डिसेंबरमध्ये मोजणी करून कुलपं वगळलीत, तर सगळ्यात नाजूक कुटुंबं तुमच्या आकड्यातून गायब होतील आणि तालुका आहे त्यापेक्षा सुखी दिसेल. कुलूप लागलं असेल तर 'कुलूप' असंच लिहा आणि शेजाऱ्याकडून माणसं, खोल्या, परतीचा महिना विचारून घ्या.

आजारांची माहिती नव्याने गोळा करत बसू नका. तिशीच्या वरच्या माणसांचे असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचे फॉर्म आशांनी भरलेले असतात, क्षयरुग्ण निक्षय या सरकारी संगणकीय नोंदीत असतात, गरोदर माता नोंदवहीत. पण निदान न झालेला मधुमेह यांतल्या कशातच नसतो. ज्या उपकेंद्रात मधुमेही 'फारच कमी' दिसतात, तिथे बहुतेक वेळा तपासणीच झालेली नसते. अशा आकड्याला चांगला गुण देण्याआधी ग्लुकोमीटरच्या किती पट्ट्या वापरल्या गेल्या ते विचारा.

गोवराच्या लसीचा दुसरा डोस किती मुलांना मिळाला, हा आकडाही या रकान्यात घाला. तो कोरोनाबद्दल काही सांगत नाही, पण आरोग्ययंत्रणा कुणाच्या दारापर्यंत पोचत नाही हे अचूक सांगतो. २०२२मध्ये मुंबईत आणि मालेगावात गोवर पसरला, तो लसीकरण मागे पडलेल्या वस्त्यांतूनच.

पेलण्याची ताकद: कागदावरचं आणि रात्री दोनचं

कागदावर प्राथमिक आरोग्य केंद्रात ६ खाटा आणि ग्रामीण रुग्णालयात ३० खाटा असतात. तुमचा प्रश्न वेगळा आहे: रात्री दोन वाजता किती खाटांजवळ ऑक्सिजन, नर्स आणि वीज तिन्ही असतात? मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रत्यक्ष हजर माणसं असे तीन रकाने ठेवा. प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे गेलेला डॉक्टर भरलेल्या पदात मोजला जातो, पण तो इथे नसतो. खासगी दवाखाने आणि औषध दुकानंही यादीत घ्या. ताप आला की लोक आधी तिथेच जातात, आणि एखाद्या गावात तापाच्या गोळ्यांचा खप एकदम वाढला हे सरकारी अहवालाच्या आधी दुकानदाराला कळतं.

आता ऑक्सिजनचा हिशेब, तो नीट समजून घ्या. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो, लहान बी टाइपमध्ये सुमारे १,५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर घेणारा रुग्ण दिवसाला ७,२०० लिटर घेतो, म्हणजे एक जम्बो. मिनिटाला १० लिटर लागले तर दोन. हाय फ्लो नेझल कॅन्युलावर (नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या नळीवर) मिनिटाला ५० लिटर लागले तर दहा जम्बो, एका माणसाला, एका दिवसात. छोट्या रुग्णालयात हाय फ्लोची दोन यंत्रं लावली की बाकीच्या वॉर्डाचा साठा किती वेगाने संपतो, ते २०२१च्या एप्रिलमध्ये अनेकांनी पाहिलं.

दोन लाखांच्या तालुक्याचं गणित असं मांडता येतं. आकडे गृहीत धरलेले आहेत, रोग बदलला की बदला. दहा आठवड्यांच्या लाटेत १० टक्के लोक दखल घ्यावी इतके आजारी पडले, म्हणजे २०,०००. त्यांतल्या ५ टक्क्यांना ऑक्सिजन लागला, म्हणजे १,०००. रुग्ण सारखे वाटून येत नाहीत, म्हणून सर्वांत वाईट आठवड्यात पाचवा हिस्सा धरा: २०० नवे रुग्ण, रोज साधारण २९. प्रत्येक जण ८ दिवस राहिला तर एका वेळी सुमारे २३० खाटा भरतील. सरासरी १० लिटर धरलं तर रोज ३३ लाख लिटर, म्हणजे ४७० जम्बो. मिनिटाला ५०० लिटरचा पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) अशा ५० रुग्णांना पुरतो. उरलेले १८० कुठे जातील, याचं उत्तर गावाच्या आणि रुग्णालयाच्या नावासकट लिहा. मग हेच गणित निम्म्या आणि दुप्पट आकड्यांनी पुन्हा करा.

पीएसए प्लांट 'आहे' एवढं लिहून भागत नाही. तो विजेवर चालतो. जनरेटर त्याचा भार उचलतो का, हे मुख्य स्विच बंद करून पाहा, पण त्याआधी प्लांटवर कोणी रुग्ण नाही आणि राखीव सिलिंडर जोडलेले आहेत याची खात्री करा. हवा सुकवणारं यंत्र नादुरुस्त असेल तर ओलाव्याने आतलं झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) खराब होतं आणि शुद्धता ढासळते. महिनोन्महिने बंद ठेवलेल्या प्लांटचं बहुधा हेच होतं. शुद्धता प्लांटच्या पडद्यावर वाचू नका, सगळ्यात लांबच्या खाटेच्या नळीवर मोजा. ती ९० टक्क्यांच्या खाली गेलेली चालत नाही. आणि साध्या पीएसएवर सिलिंडर भरता येत नाहीत, त्याला वेगळा उच्चदाब कॉम्प्रेसर लागतो. 'प्लांट आहे, तिथून तांड्याला सिलिंडर देऊ' असं गृहीत धरलेल्या योजना इथेच फसतात.

रुग्णवाहिकेला अंतर लावू नका, वेळ लावा. जिल्हा रुग्णालय सव्वा तासावर असेल तर जाणं-येणं अडीच तास, रुग्ण ताब्यात देणं पाऊण तास, गाडी निर्जंतुक करणं अर्धा तास. एक फेरी पावणेचार तासांची. चोवीस तासांत कागदावर सहा फेऱ्या बसतात. चालकाची झोप, डिझेल आणि ऑक्सिजन भरणं धरलं की चार. वरच्या गणितात रोजच्या २९ नव्या रुग्णांतले निम्मे जरी जिल्ह्याला न्यायचे झाले, तरी चार गाड्या लागतात. तुमच्याकडे १०८च्या किती आहेत?

तपासणीचं मोजमापही वेळेतच करा: नमुना घेतल्यापासून अहवाल हातात येईपर्यंत किती तास. नमुना २ ते ८ अंशांत ठेवून न्यायचा असतो. गाडी फक्त सकाळी निघत असेल, तर दुपारी घेतलेला नमुना आख्खी रात्र इथेच बसतो. मागच्या दोन वर्षांतल्या डेंग्यू किंवा गोवराच्या उद्रेकाचे कागद काढा आणि पहिला रुग्ण आजारी पडल्यापासून तालुक्याला खबर लागेपर्यंत किती दिवस गेले ते मोजा. तुमच्या पाहणीयंत्रणेचा खरा वेग तोच.

गुण देणं

प्रत्येक निर्देशक, म्हणजे मोजलेली प्रत्येक गोष्ट, ० ते १च्या दरम्यान आणा. दाटीच्या घरांचं प्रमाण तालुक्यात सर्वांत कमी १२ टक्के, सर्वांत जास्त ४८ टक्के आणि या उपकेंद्रात ३९ टक्के असेल, तर ३९ वजा १२ म्हणजे २७, भागिले ३६, उत्तर ०.७५. खाटांसारख्या निर्देशकांत जास्त म्हणजे चांगलं असतं, तिथे उत्तर १मधून वजा करा. हे उलटवायचं विसरणं ही तक्त्यातली सर्वांत नेहमीची चूक आहे. एखादं उपकेंद्र फारच टोकाचं असेल तर बाकी सगळी एका बाजूला दाबली जातात. अशा वेळी आकडे सोडा आणि १ ते ४० असे क्रमांक लावा. माहितीच मिळाली नसेल तर शून्य लिहू नका, चौकट रिकामी ठेवा. शून्य म्हणजे 'धोका नाही', रिकामी चौकट म्हणजे 'जाऊन बघा'.

प्रश्नागणिक सरासरी काढा, म्हणजे प्रत्येक उपकेंद्राला तीन आकडे मिळतील. मग एकेक निर्देशक गाळून पुन्हा सरासरी काढा. पहिली आठ नावं तीच राहत असतील तर यादी पक्की. एका निर्देशकावर सगळी उलटापालट होत असेल तर त्या निर्देशकाची माहिती पुन्हा तपासा.

खरी कसोटी मागच्या मृत्यूंची. एप्रिल-मे २०२१मधले सर्व कारणांचे मृत्यू आणि २०१८, २०१९च्या त्याच महिन्यांतले मृत्यू उपकेंद्रवार मांडा. इथे एक खड्डा आहे: मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. गावचा माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात वारला तर ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात तो नसतो, म्हणून फक्त रजिस्टर पाहिलं तर २०२१ शांत गेल्यासारखं दिसतं. आशांना त्या दोन महिन्यांतली गेलेली माणसं घरागणिक आठवून सांगायला लावा. त्या सांगतात, कारण त्या घरांत त्या गेलेल्या असतात. हळुवार विचारा, घाई करू नका. ज्या वस्तीत खूप माणसं गेली आणि तुमच्या यादीत ती खाली आहे, तिथे तुमचा एखादा निर्देशक खोटं बोलतो आहे.

कागद कुणाकडे

प्रत्येक उपकेंद्राचं एक पान: तीन आकडे, नाजूक वस्त्यांची नावं, आणि प्रत्येक वस्तीपुढे एक काम, जबाबदार माणूस आणि तारीख. विलगीकरणासाठी कोणती शाळा, तिथे पाणी आणि संडास कोण पाहणार, रेशन कोण पोचवणार. भिंतीवरच्या नकाशावर घरं किंवा रुग्णांची नावं लावू नका. २०२०मध्ये दारावर लागलेल्या कागदांनी लोकांना आजार लपवायला शिकवलं. क्षयरुग्णांची यादी आरोग्य केंद्राच्या कपाटाबाहेर जाता कामा नये.

पान वर्षातून दोनदा दुरुस्त करा: टोळ्या निघण्याआधी दसऱ्याच्या सुमारास आणि त्या परतल्यावर, गुढीपाडव्यानंतर.

पानं तयार झाली की सगळ्यात नाजूक ठरलेली वस्ती निवडा आणि पूर्वसूचना देऊन, रुग्णवाहिकेचा समन्वय आधी करून, रात्रीची रंगीत तालीम घ्या. फोन लागला तो क्षण, गाडी सुटली तो, वस्तीवर पोचली तो, आणि ऑक्सिजनची नळी लावता आली तो, असे चार वेळ लिहा. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. पानावर वर उजवीकडे या चौथ्या वेळेचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा.